सेम्सेइट : एका दात्याच्या नांवाचें खनिज

सुरमा हा शब्द आमच्या बहुतेक वाचकांच्या परिचयाचा आहे. खरा सुरमा म्हणजे अँटिमनी व गंधक ह्यांचें संयुग. परंतु त्या नांवाखालीं बाजारांत पुष्कळदां शिशाचें काळें धातुकच विकलें जातें, व तें लहान मुलांस अपायकारक असतें. माणसानें हीं दोन द्रव्यें एकमेकांच्या जागीं खपविलीं. निसर्गानें मात्र कांहीं ठिकाणीं तीं एकाच स्फटिकांत बांधून ठेविलीं आहेत. अशा खनिजांपैकीं सेम्सेइट ह्या दुर्मिळ खनिजाची ओळख आज करून देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ज्वालामुखीच्या प्रदेशांत भूगर्भांतील तापलेलें पाणी धातूंचे अंश घेऊन खडकांच्या भेगांतून वर येतें. तें निवूं लागलें म्हणजे शिशाचीं व जस्ताचीं धातुकें भेगांच्या कडांवर जमतात. आणि पाण्यांत अँटिमनीचें प्रमाण पुरेसें असल्यास शिसें, अँटिमनी व गंधक एकत्र येऊन सेम्सेइटचे करड्या-काळ्या रंगाचे चपटे स्फटिक बनतात.

ह्या खनिजाचीं तीन भावंडें आहेत. फ्युलोपाइट, प्लॅगिओनाइट, हेटरोमॉर्फाइट व सेम्सेइट ह्या क्रमानें पाहिल्यास अँटिमनीचे परमाणु प्रत्येकांत ८ च राहतात. शिशाचे मात्र ३, ५, ७, ९ आणि गंधकाचे १५, १७, १९, २१ असे वाढत जातात. जणूं निसर्गानें एकेक पायरी मोजूनच बांधली आहे!

सेम्सेइट प्रथम सांपडलें तें फेल्शोबान्या येथील खाणींत. हें गांव त्या वेळीं हंगेरींत होतें. आज तें रुमानियांत असून बाया स्प्रिये ह्या नांवानें ओळखलें जातें. १८८१ सालीं क्रेनर ह्या हंगेरियन शास्त्रज्ञानें ह्या खनिजास आंडोर सेम्सेइ ह्या जमीनदाराचें नांव दिलें. सेम्सेइनें आपल्या संपत्तीचा मोठा भाग बुडापेस्टच्या राष्ट्रीय संग्रहालयासाठीं खनिजें विकत घेण्यांत वेंचिला होता. पुढें १८९२ सालीं अँडोराइट हें दुसरें खनिजही त्याच्याच पहिल्या नांवावरून ओळखलें जाऊं लागलें.

१९५६ च्या उठावांत त्या संग्रहालयास आग लागली व खनिजसंग्रहाचा मोठा भाग जळाला. नमुने गेले, परंतु कोणतें खनिज कोठें सांपडलें, त्यांत काय आहे, हें लिहून छापलेलें असल्यानें ज्ञान मात्र टिकलें. आमच्या घरांतील मुलें सहलीहून खडे घेऊन येतात. ते फेंकून न देतां प्रत्येकाबरोबर गांव व तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवण्याची संवय आईबापांनीं त्यांस अवश्य लावावी. चिठ्ठीवांचून खडा हा नुसता खडाच राहतो.