फळ्यांची दुकाने

पुण्यात मंडईच्या मेट्रो स्थानकातून बाहेर पडून मंडईकडे वळले की ती अष्टकोनी मनोऱ्याची दगडी वास्तू दिसते आणि बाहेरगावचा पाहुणा हमखास म्हणतो, "जुने पुणे टिकवलेत हो तुम्ही!" त्याला काय सांगायचे? स्थानक २०२४ सालचे, मंडई १८८६ ची. ती टिकली ती आम्ही पुणेकर फार जपणारे म्हणून नव्हे. तिची मालकी एकाच धन्याची आणि तिच्यात रोज भाजी विकली जाते, म्हणून. ज्या वाड्यांवर सहा भावांचे हक्क आणि चौदा भाडेकरूंच्या चुली होत्या, ते मात्र तिच्या डोळ्यांदेखत गेले.

अर्थात धनी एकच असला म्हणजे भागते असेही नाही. मंडईशेजारचे 'आर्यन' चित्रपटगृह घ्या. १९१५ साली सुरू झालेले, पुण्यातले पहिले. जागा पालिकेची, भाडेपट्ट्याने दिलेली. १९८३ साली पट्टा संपला, पडदा पडला आणि तिथे वाहनतळ आला. वडिलांनी जिथे तिकिटाच्या रांगेत घाम गाळला, तिथे मी स्कूटरला जागा मिळण्यासाठी गाळला, एवढाच फरक.

पण चित्रपटगृहांवर पुष्कळांनी लिहिले आहे. मला सांगायचे आहे ते दुकानांबद्दल. बुधवार, शनिवार, रविवार पेठांतल्या वाड्यांना रस्त्याच्या अंगाला ओटा असे आणि ओट्यावर चार-सहा दुकाने. लोखंडी शटर नव्हते. उभ्या लाकडी फळ्या वरखालच्या खाचेत एकेक करून सरकवायच्या, शेवटच्या फळीला आडणा आणि कुलूप. प्रत्येक फळीवर आतून आकडा रंगवलेला असे, कारण क्रम चुकला की शेवटची फळी बसायची नाही. आमच्या आजोबांचे, म्हणजे नानांचे, अप्पा बळवंत चौकाजवळचे कागद-शाईचे दुकान असेच अकरा फळ्यांचे होते. शाळेपूर्वी फळ्या उतरवून भिंतीला क्रमाने लावून ठेवायचे काम माझे. अंकओळख मला पाटीआधी त्या फळ्यांवर झाली. सातवी फळी पावसाळ्यात फुगे. तिला खालून गुडघा मारल्याशिवाय ती हलायची नाही.

जून महिना म्हणजे नानांची दिवाळी. खाकी कागदाचे ताव, शंभरपानी-दोनशेपानी वह्या, दौती, टाक. नवी निब विकताना नाना ती आधी जिभेला लावून द्यायचे. निबेवरचे तेल गेल्याशिवाय शाई धरत नाही, हे प्रत्येक मुलाला पुन्हा पुन्हा सांगायचे. आज आरोग्यखाते धावत आले असते! एका बाजूला कल्हईवाला, नवसागराच्या धुराने आमच्या तावांना वास यायचा म्हणून त्याच्याशी रोज भांडण आणि रोज चहा. दुसऱ्या बाजूला तासावर सायकली देणारा. तो अनामत घेत नसे. "कुणाचा रे तू?" एवढे विचारायचा आणि उत्तर पटले तर सायकल द्यायचा.

या दुकानाचे भाडे महिना बावीस रुपये होते. नाना वारले तेव्हाही जवळपास तेवढेच. १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा झाला तो टंचाईच्या दिवसांत, भाडेकरूला रस्त्यावर काढले जाऊ नये म्हणून. हेतू चांगलाच होता. पण भाडी १९४० च्या पातळीला बांधली गेली आणि कायदा मुदतवाढ घेत पन्नास वर्षांहून अधिक जगला. वाड्याच्या मालकीणकाकू वरच्या मजल्यावर एकट्या राहत. एका पावसाळ्यात गळक्या आढ्याखाली पातेली मांडता मांडता त्या खाली येऊन म्हणाल्या, "नाना, तुमच्या बावीस रुपयांत मी कौलं बदलू की खांबाला डांबर लावू, तुम्हीच सांगा." नानांनी मान वर केली नाही. भाडे वाढवून द्यायला त्यांच्याकडेही पैसे नव्हते. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा असेन, पण त्या दोघांत चूक कोण हे मला अजून सांगता येत नाही.

नदीकाठच्या पेठांचा निकाल त्याआधीच लागला होता. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले आणि मातीच्या भिंतींचे वाडे पाण्यात बसले. माणसे गोखलेनगर, सहकारनगरकडे गेली. त्यांच्याबरोबर पेठांतले गिऱ्हाईकही गेले, हे फारसे कुणी बोलत नाही. नाना मात्र दर जूनला बोलायचे.

आमचा वाडा १९८८ साली उतरवला. काकूंच्या वारसांनी सह्या केल्या, भाडेकरूंनी केल्या, आमच्या वडिलांनीही केली. कोणावर जबरदस्ती झाली नाही. नव्या इमारतीत आम्हाला गाळा मिळाला. पण वडील आणि काका नोकरीत. गाळा दोन वर्षांत विकला. 'बिल्डरांनी गाव खाल्ले' असे म्हणणाऱ्यांना हा हिशेब आवडत नाही. नवा भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली, तोवर टेकू लावलेल्या वाड्यांना त्याचा काय उपयोग?

एका वाड्याबद्दल मात्र मन असे हिशेबी होत नाही. बुधवार पेठेतला भिडे वाडा. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली, ती इथे. दगडूशेठ गणपतीच्या दर्शनाला येणारे हजारो लोक रोज त्याच्या समोर रांगेत उभे राहत आणि बहुतेकांची पाठ त्याच्याकडे असे. राष्ट्रीय स्मारक करायचे म्हणून जागेचा वाद वर्षानुवर्षे कोर्टात चालला. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो संपला आणि डिसेंबरमध्ये एका रात्रीत वाडा पाडण्यात आला. स्मारकासाठी मूळ वास्तूच गेली. ती वाचवण्याजोगी उरली नव्हती असे म्हणतात, आणि बाहेरून पाहणाऱ्यालाही ते पटत होते. पण योगायोग पाहा. नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीरावांनी मंडईवरच्या खर्चाला विरोध केला होता, तो पैसा शिक्षणावर लावा म्हणून. ती मंडई त्यांच्या नावाने उभी आहे. शाळेचे घर गेले.

भिडे वाड्याच्या तळमजल्यावरही दुकानेच होती. परवा त्या चौकात थांबून मी चार जुन्या माणसांना विचारले, इथे काय काय विकायला असायचे हो? तिघांनी तीन उत्तरे दिली. चौथ्याने जरा विचार केला आणि मलाच विचारले, "दुकानं होती का तिथं?"