घाट उघडण्याआधीचा महिना

एप्रिलच्या तिसऱ्या शुक्रवारी यलोस्टोनचा पश्चिमेकडचा रस्ता ओल्ड फेथफुलपर्यंत खुला होतो, ही बातमी आता आपल्याकडच्याही अनेक घरांत वाचली जाते. मुलगी डेन्व्हरला नाहीतर सिएटलला असते, आई-बाबा इथला उन्हाळा टाळून तिच्याकडे निघालेले असतात आणि आरव्ही, म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय असलेली मोठी गाडी, भाड्याने घेऊन सगळ्यांनी मिळून डोंगरातली राष्ट्रीय उद्याने पाहायचा बेत ठरतो. बेत उत्तमच आहे. पण तो बहुधा रजेच्या तारखांवर बांधलेला असतो आणि तिथला बर्फ तारखेने वितळत नाही.

कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी उद्यानातून जाणारा टायोगा रस्ता पाहा. ९,९४३ फुटांवरच्या खिंडीतून जाणारा हा रस्ता २०१५ मध्ये मेच्या सुरुवातीलाच खुला झाला. २०२३ मध्ये त्यासाठी २२ जुलै उजाडला. रस्ता तोच, फरक अडीच महिन्यांचा. मात्र तो फरक एप्रिलमध्येच दिसत होता. १ एप्रिल हा तिथे बर्फ मोजण्याचा महत्त्वाचा दिवस, कारण साधारण त्याच सुमारास साठा सर्वाधिक असतो. २०१५ च्या १ एप्रिलला गव्हर्नर जेरी ब्राउन सिएरा नेवाडातल्या मोजणीच्या जागेवर गेले, तेव्हा त्यांच्या पायाखाली बर्फच नव्हता, गवत होते.

असा अंदाज आधी बांधता येतो, याचे बरेचसे श्रेय लॅटिन शिकवणाऱ्या एका प्राध्यापकाला जाते. जेम्स एडवर्ड चर्च हे नेवाडा विद्यापीठात अभिजात भाषांचे अध्यापक होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते ऐन हिवाळ्यात माउंट रोझ या दहा हजार फुटांहून उंच शिखरावर चढायचे आणि बर्फ मोजायचे. त्यांनी बनवलेले साधन अगदी साधे होते : टोकाला दाते असलेली धातूची लांब नळी. बाजार समितीत पोत्यात पोकळ सळई खुपसून धान्याचा नमुना काढतात, तशी ती बर्फात जमिनीपर्यंत खुपसायची, आतल्या बर्फासकट वर काढायची आणि वजन करायचे. वजनावरून त्या बर्फात पाणी किती हे कळते.

चर्च यांचे मोठेपण यातच आहे. बर्फाची खोली फसवते. चार फूट ताज्या बर्फात पाणी जेमतेम पाच इंच असते. हिवाळाभर दबत गेलेल्या, एप्रिलमधल्या चार फुटांत ते वीस इंचांच्या घरात जाते. ताहो सरोवराची पातळी वसंतात किती चढेल, यावरून किनाऱ्यावरचे रहिवासी आणि सरोवराचे पाणी वापरणारी वीज कंपनी यांच्यात वाद असे. चर्च यांच्या मोजणीमुळे ही पातळी आधीच सांगता येऊ लागली. आज अमेरिकी कृषी खात्याची स्नोटेल नावाची ९०० हून अधिक स्वयंचलित केंद्रे पश्चिमेकडच्या डोंगरांत हेच वजन रोज नोंदवतात आणि आकडे कुणालाही फुकट पाहता येतात. आरव्हीचे बुकिंग करताना माणसे हॉटेलांची परीक्षणे तासन्‌तास वाचतात. त्यातली दहा मिनिटे आपल्या वाटेवरच्या केंद्राला द्यावीत, असे मला कळकळीने वाटते. सरासरीच्या किती टक्के पाणी अजून डोंगरावर आहे, हा एक आकडा पुष्कळ काही सांगतो.

तेव्हा तारखांऐवजी उंचीवरून आखणी करावी. एप्रिलमध्ये युटातल्या झायनपासून सुरुवात करता येते. तिथला दरीचा तळ सुमारे ४,००० फुटांवर आहे. जवळचे ब्राइस कॅनियन आठ हजारांच्या वर, तिथे मेमध्येही रात्री पाणी गोठते. मग उत्तरेला ग्रँड टीटन. तिथला आतला रस्ता १ मेला मोटारींना खुला होतो. त्याआधी एप्रिलमध्ये बर्फ हटवलेला तो रस्ता फक्त चालणाऱ्यांचा आणि सायकलवाल्यांचा असतो. यलोस्टोनचे दक्षिणेकडचे प्रवेशद्वार मेच्या मध्यावर उघडते. कोलोरॅडोतला १२,१८३ फुटांवर चढणारा ट्रेल रिज रस्ता मेच्या अखेरीस आणि माँटॅनातल्या ग्लेशियर उद्यानाचा गोइंग-टू-द-सन रस्ता बहुधा जूनअखेरीस किंवा जुलैत. तो पाहायचाच असेल, तर परतीचे तिकीट त्यानंतरचे काढावे.

रस्ता खुला असला, तरी आपली गाडी तिथे चालेलच असे नाही. ग्लेशियरच्या त्या रस्त्यावर मधल्या टप्प्यात आरशांसकट ८ फुटांपेक्षा रुंद किंवा २१ फुटांपेक्षा लांब वाहन नेता येत नाही. चार-पाच जणांच्या कुटुंबाला मिळणारी आरव्ही सहसा त्याहून लांब असते. ती तळावर ठेवून उद्यानाच्या बसने वर जावे.

रात्रीचीही तयारी हवी. बाहेरच्या नळाला जोडलेली पाण्याची नळी आधी गोठते, म्हणून झोपण्यापूर्वी ती काढून ठेवावी आणि टाकीतले पाणी वापरावे. बेसिनखालच्या कपाटाची दारे उघडी ठेवली की पाइपांना ऊब मिळते. हीटरला गॅस लागतो आणि त्याच्या पंख्याला बॅटरी. दोन्ही भरलेले आहेत ना, हे संध्याकाळीच पाहावे. कार्बन मोनॉक्साइडचा गजर चालू आहे की नाही, हे तर गाडी ताब्यात घेतानाच तपासावे.

घाट बंद असला की सहल फुकट गेली असे मानणाऱ्यांशी मी सहमत नाही. यलोस्टोनच्या उत्तर सीमेवरचा, लामार खोऱ्यातून जाणारा रस्ता मोटारींसाठी वर्षभर चालू असतो. मेमध्ये तिथे बायसनची तांबूस वासरे आयांच्या मागे धावतात, अस्वले पिलांसह उतारावर येतात आणि जुलैतली गर्दी अजून पोचलेली नसते. हा महिना कमअस्सल नाही, तो वेगळा आहे.

रस्ते लवकर उघडा, असा दबाव मात्र दरवर्षी येतो. २०१३ मध्ये केंद्राच्या खर्चकपातीमुळे यलोस्टोनचे रस्ते उशिरा उघडणार हे कळल्यावर कोडी आणि जॅक्सन या वायोमिंगमधल्या गावांनी स्वतः पैसे उभे केले आणि राज्याची यंत्रे बर्फ काढायला गेली. पर्यटनावर जगणाऱ्या गावांची ती गरज समजण्यासारखी आहे. पण वसंतातला ओला, जड बर्फ अचानक सुटतो. १९५३ च्या मेमध्ये गोइंग-टू-द-सन रस्त्यावर बर्फ काढताना हिमकडा कोसळून दोन कामगारांचा जीव गेला. त्यामुळे घाट कधी उघडायचा हे बर्फ काढणाऱ्या कामगारांना आणि त्यांच्या हिमनिरीक्षकांनाच ठरवू द्यावे. आपण सहलीचे शेवटचे चार मुक्काम रद्द करता येतील असेच घ्यावेत आणि दुसरा, कमी उंचीचा मार्ग निघण्यापूर्वीच आखून ठेवावा.