स्टुटगार्टहून वार्तापत्र : केअर होमची पारख कशी करावी?

जर्मन शाळेत ‘एक’ हा सर्वांत वरचा शेरा आणि ‘सहा’ सर्वांत खालचा. २००९ साली इथल्या केअर होमनाही असेच शेरे देणं सुरू झालं. तपासनीस येणार, पाहणी करणार, निकाल जाहीर होणार आणि आईवडिलांसाठी जागा शोधणाऱ्यांना पारखून घेता येणार, असा हेतू होता. काही वर्षांतच देशाची सरासरी १.२ च्या आसपास पोहोचली. म्हणजे जवळजवळ सगळीच घरं उत्कृष्ट! पडून राहिल्याने होणाऱ्या जखमांची, म्हणजे बेडसोरची काळजी नीट घेतली नसली, तरी जेवणाचा तक्ता ठळक अक्षरांत लावलेला असला की सरासरीत ती उणीव भरून निघायची. भर होता तो कागदपत्रांवर, आणि निकष ठरवताना केअर होम चालवणाऱ्यांच्या संघटनाही चर्चेला बसलेल्या होत्या. अखेर २०१९ साली ही पद्धत मोडीत निघाली.

हे सगळं मी यंदा बारकाईनं वाचलं, कारण माझ्या सासूबाईंसाठी आम्ही जागा शोधतो आहोत. त्या ८४ वर्षांच्या आहेत. पडल्यापासून त्यांना आधाराशिवाय उठता येत नाही, आणि मी, माझा नवरा, दोघेही नोकरीवर. निर्णय त्यांनीच घेतला. घर मात्र आम्ही शोधावं, अशी त्यांची अट आहे.

आधी पैशाचं सांगते. जर्मनीत १९९५ पासून सक्तीचा देखभाल विमा आहे, हप्ता पगारातूनच कापला जातो. माणसाला किती मदत लागते यावरून पाच श्रेणी आहेत आणि श्रेणीनुसार विमा रक्कम देतो. ती पुरत नाही. केअर होममध्ये पहिल्या वर्षी पदरचे सरासरी ३,००० युरोंहून जास्त दरमहा जातात, पुढे वर्षागणिक थोडी सवलत वाढते. साठवलेलं संपलं तर समाजकल्याण कार्यालय उरलेला खर्च उचलतं. मुलांकडे ते पैसे मागतं, पण ज्या मुलाचं वार्षिक उत्पन्न १,००,००० युरोंच्या वर आहे त्याच्याकडेच.

आता नवी तपासणी. प्रत्येक केअर होमला दर सहा महिन्यांनी आपल्या रहिवाशांची माहिती पाठवावी लागते: किती जणांना बेडसोर झाले, पडून गंभीर इजा किती जणांना झाली, कुणाचं वजन नकळत घटलं, चालणंफिरणं किती जणांचं टिकलं. या आकड्यांची देशाच्या सरासरीशी तुलना होते आणि एक ते पाच ठिपक्यांत निकाल दिसतो. शिवाय विमा संस्थांच्या वतीने ‘वैद्यकीय सेवा’ या संस्थेचे तपासनीस आदल्या दिवशी कळवून येतात, नऊ रहिवासी निवडतात आणि त्या माणसांनाच पाहतात, त्यांच्याशी बोलतात. हे सारं विमा संस्थांच्या संकेतस्थळांवर कुणालाही फुकट वाचता येतं. सगळ्याची बेरीज करून एकच शेरा देणं बंद झालं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आता बेडसोरचं पान वेगळं आणि वजनाचं वेगळं. एकाआड दुसरं लपत नाही.

या यादीतला एक मुद्दा मला विशेष भावला. नवा रहिवासी आल्यावर पहिल्या काही आठवड्यांत त्याच्याशी निवांत बसून बोलणं झालं का, हेही मोजलं जातं. तुम्ही कधी उठता, काय खाता, इथे कसं वाटतंय? चौऱ्याऐंशीव्या वर्षी आपलं घर सोडणाऱ्या माणसाला हे कुणीतरी विचारलंच पाहिजे.

दुसरा मुद्दा बांधून ठेवण्याचा. पडू नये म्हणून खुर्चीला पट्टा लावायचा किंवा पलंगाचे कठडे कायम वर ठेवायचे, तर संमती देण्याच्या स्थितीत नसलेल्या माणसासाठी न्यायालयाची परवानगी लागते. बवेरियातल्या गार्मिश-पार्टेनकिर्शन इथे २००७ साली एका उपक्रमाची सुरुवात झाली. अशा अर्जांच्या वेळी देखभालीचं काम जाणणारा माणूस न्यायालयातर्फे त्या घरात जातो आणि पट्ट्याऐवजी खाली येणारा पलंग किंवा जमिनीवर गादी चालेल का, हे सगळ्यांसोबत बसून पाहतो. हा उपक्रम पुढे देशात बऱ्याच ठिकाणी पोहोचला. म्हणून प्रत्येक घरात आम्ही विचारलं : सध्या किती जणांना पट्टा आहे? एका ठिकाणी व्यवस्थापिकेनं क्षणाचाही विचार न करता ‘एकालाही नाही’ म्हणून सांगितलं आणि कारणासकट समजावलं. दुसरीकडे ‘पाहून सांगतो’ असं उत्तर आलं. ज्याला पाहावं लागतं त्याच्या घरी आपलं माणूस ठेवू नये, असं माझं ठाम मत झालं आहे.

ठिपके उपयोगी आहेत, पण माहिती केअर होमनेच भरलेली असते आणि ती काही महिने जुनी असते. शिवाय रात्र त्यात दिसत नाही. आमच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याच्या २०१५ च्या नियमावलीने रात्री ४५ रहिवाशांमागे किमान एक कर्मचारी असं प्रमाण ठरवलं होतं. पंचेचाळीस जणांत एक! त्यामुळे रात्री प्रत्यक्ष किती कर्मचारी असतात, त्यांतले एजन्सीकडून आलेले किती आणि घंटी वाजल्यावर कुणी यायला किती वेळ लागतो, हे विचारायलाच हवं.

आणि जेवणाच्या वेळी जावं. वरवर सगळ्यांत देखण्या वाटणाऱ्या घरात आम्ही दुपारी बारा वाजता गेलो. टेबलावर फुलं होती, टापटीप होती. खिडकीजवळच्या आजींसमोर पाण्याचा पेला भरलेला होता, पण त्यांच्या हातापासून वीतभर लांब. ताट उचललं गेलं, पेला तसाच भरलेला राहिला. म्युनिकचे समाजसेवक क्लाउस फुसेक यांनी केअर होममधल्या हेळसांडीविरुद्ध अनेक वर्षं आवाज उठवला. त्यांच्या मागण्या अगदी साध्या होत्या : माणसाला त्याच्या गतीनं खायला-प्यायला मिळावं, गरज लागेल तेव्हा शौचाला नेलं जावं, रोज मोकळ्या हवेत जायला मिळावं. हेच तीन मुद्दे घेऊन आम्ही हिंडलो. कागदावर चार ठिपके असलेलं एक घर त्या कसोटीला उतरलं नाही. लिफ्ट जुनी आणि भिंतींचा रंग उडालेला असूनही एक घर उतरलं. तिथे एक मदतनीस लकवा झालेल्या आजोबांना सूप भरवत होती, आणि त्यांचा घास गिळून होईपर्यंत दुसरा चमचा वर येत नव्हता. सासूबाईंचं नाव आम्ही तिथेच नोंदवलं आहे. प्रतीक्षायादी आहे.

त्या घरात केरळच्या दोन परिचारिका भेटल्या. आता आपल्याकडचेही येतील, कारण महाराष्ट्र शासनाने २०२४ साली आमच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला आहे आणि त्यात रुग्णसेवेचाही समावेश आहे. आपल्याकडे २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात जिल्ह्याजिल्ह्यांत वृद्धाश्रमांची तरतूद आहे, पण पुण्या-नाशकात आईसाठी वृद्धाश्रम शोधणाऱ्या मुलीला तिथल्या बेडसोरची किंवा रात्रपाळीची माहिती घरबसल्या वाचायला मिळत नाही. इथे माणसं पाठवताना शासनाने ही उघड तपासणीची पद्धतही, तिच्या २००९ च्या चुका वगळून, इथून मागून घ्यावी.