पाण्याने कोरलेला पूल, पाण्याने बांधलेला पूल

आळेफाट्याहून अहिल्यानगरकडे जाताना अणे घाटात गुळुंचवाडीजवळ मळगंगेचे देऊळ लागते. तेथील ओढ्यात उतरले की डोक्यावर काळ्या पाषाणाचा पूल दिसतो. तो कोणी बांधलेला नाही. बेसाल्टच्या भेगांमध्ये पाणी शिरले, खालचा खडक झिजत गेला आणि वरचा टणक भाग कमानीसारखा तगून राहिला. पावसाळ्यात ओढा त्याच्याखालून वाहतो.

निसर्गात पूल याच्या अगदी उलट रीतीनेही तयार होतो. अर्जेंटिनात अँडीज पर्वतातील एका दरीत ‘पुएंते देल इंका’ नावाचा पूल आहे. चार्ल्स डार्विनने तो 1835 साली पाहिला. (पुलाची कीर्ती ऐकून गेलेल्या डार्विनची थोडी निराशाच झाली!) शेजारच्या उष्ण झऱ्यांतील क्षारांनी नदीकाठचे गोटे एकमेकांना चिकटवले आणि त्यांचा कठीण थर झाला. पुढे नदीने खालचा भाग पोखरला, असे त्याने नोंदवले आहे.

मग वज्रेश्वरी, राजापूर किंवा खेडजवळच्या उन्हवरे येथील झऱ्यांनी असे पूल का बांधले नाहीत? त्याआधी हे पाणी तापते कसे ते पाहू. गंधकामुळे किंवा ज्वालामुखीमुळे, असे उत्तर वर्गात हमखास मिळते, क्वचित शिक्षकांकडूनही. गंधकाचा वास हा पाण्याबरोबर आलेला पाहुणा आहे, चूल नव्हे. दख्खनचा लाव्हा तर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच थिजला. जमिनीत दर किलोमीटर खोलीला तापमान साधारण 25 ते 30 अंश सेल्सिअसने वाढते. पावसाचे पाणी भेगांतून खोल जाते, तापते आणि दुसऱ्या भेगेतून वर येते. उन्हवऱ्याचे पाणी सुमारे 70 अंशांचे असते. पृष्ठभागाचे तापमान 27 धरले, तर ते किमान दीड किलोमीटर खोल जाऊन आले असले पाहिजे. वर येताना ते थोडे निवते, म्हणजे प्रत्यक्षात त्याहूनही खोल. हे गणित नववीच्या मुलांकडून जरूर करून घ्यावे.

आता पुलाचा प्रश्न. चुनखडकातून आलेल्या पाण्यात कॅल्शियम बायकार्बोनेट असते. पाणी उघड्यावर आले की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि न विरघळणारे कॅल्शियम कार्बोनेट साचते. कोकणातील बहुतेक झऱ्यांत बायकार्बोनेट अल्प असून सोडियम व कॅल्शियमची क्लोराइडे अधिक आहेत. ती पाण्यात विरघळलेलीच राहतात.

भंडारा-गोंदियाकडच्या शाळांना अणे घाट फारच लांब. पण विहिरीचे जड पाणी वारंवार उकळलेल्या पातेल्याच्या तळाशी पांढरी खपली धरते, ती सर्वत्र मिळते. तिच्यावर लिंबाचा रस टाकावा. बुडबुडे येतात ते कार्बन डायऑक्साइडचे. इंकाच्या पुलातील गोटे सांधणारा मसाला मुख्यतः हाच.