नाचता नाचता ऐका : ‘ला रेबेलियोन’ या साल्सा गाण्यातलं बंड

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी आजच्या भागाचा हा लेखी अवतार. बोलताना जिथे जिथे मी भरकटले, ते थोडं आवरलंय. सगळं नाही.

आजचं गाणं तुम्ही बहुतेक ऐकलेलं आहे, फक्त नाव माहीत नसेल. साल्साच्या क्लासमध्ये, एखाद्या रीलच्या मागे, लग्नाच्या संगीतात कुणीतरी हौसेने लावलेल्या ‘लॅटिन’ प्लेलिस्टमध्ये. गाण्याचं नाव ‘ला रेबेलियोन’. रेबेलियोन म्हणजे बंड. काहीजण नुसतं ‘रेबेलियोन’ म्हणतात. गायक जो आरोयो, देश कोलंबिया, साल 1986.

हे गाणं लागलं की माणसं उड्या मारत फ्लोअरवर येतात. आणि गाणं कशाबद्दल आहे? गुलामगिरीबद्दल. थेट. आडपडदा नाही.

गोष्ट अशी. सुरुवातीलाच गायक सांगतो की मी तुम्हाला आमच्या काळ्या माणसांच्या इतिहासातला एक तुकडा सांगणार आहे. मग काळ सांगतो : सोळाशेचं शतक. गाव सांगतो : कार्ताहेना. आफ्रिकेतून साखळदंड घालून आणलेली माणसं, आणि त्यांच्यातलं एक जोडपं. त्यांचा मालक स्पॅनिश. तो त्यांना वाईट वागवतो, बाईला मारतो. आणि एक दिवस तिचा नवरा उलटतो. बस. एवढीच गोष्ट, दोन-तीन कडव्यांत संपते. पुढचं जवळपास सगळं गाणं म्हणजे मालकाला बजावणं : तिच्यावर हात टाकायचा नाही. परत परत, परत परत.

हे ‘परत परत’ म्हणजेच साल्साची रचना, आणि ती कळली की गाणं वेगळंच ऐकू येतं. साल्सा गाण्याचे साधारण दोन भाग असतात. पहिल्यात गोष्ट सांगितली जाते. दुसऱ्याला मोंतुनो म्हणतात. त्यात कोरस एकच ओळ धरून ठेवतो आणि मुख्य गायक मधल्या जागांमध्ये आयत्या वेळी सुचेल तसं भरत जातो. आपल्या पोवाड्यात शाहीर आणि झीलकरी असतात ना, शाहीर सांगतो आणि मागचे जी जी जी करत ती उचलून धरतात, त्याच्या जवळचं काहीतरी. फरक हा की इथे झीलकऱ्यांकडेच गाण्याचा मुख्य मुद्दा दिलेला आहे. म्हणजे बजावणारा एकटा नवरा राहत नाही, पूर्ण घोळका बजावायला लागतो. आणि फ्लोअरवरची माणसं कोरसबरोबर गातात, म्हणजे तीही त्या घोळक्यात आली. नाचणाऱ्यांना आपोआप साक्षीदार करून टाकणारी ही रचना मला फार भारी वाटते.

तालाचं एक सांगते. साल्साचा कणा असतो क्लावे. मुळात लाकडाच्या दोन दांड्या एकमेकींवर आपटून वाजवायचा ठेका. सोळा मोजा आणि 1, 4, 7, 11, 13 वर टाळी द्या. करून बघा, बसमध्ये असाल तर मांडीवर. आपल्या तीनतालातही सोळाच मात्रा, पण तिथे चार-चारचे सरळ भाग. इथे आधी तीन ठोके ओढल्यासारखे येतात आणि मग दोन नीट. हे भाग उलटेही वाजतात, आधी दोन मग तीन. ही वाकडी चाल आफ्रिकेतून आली, क्यूबामध्ये रुजली, न्यूयॉर्कमध्ये तिला साल्सा हे नाव चिकटलं. म्हणजे गुलामगिरीची गोष्ट ज्या ठेक्यावर सांगितलीय, तो ठेकाच गुलाम केलेल्या माणसांबरोबर समुद्र ओलांडून आलेला आहे. आणि मध्यापुढे तो पियानो! चेलितो दे कास्त्रो नावाच्या पियानोवादकाने तो वाजवलाय, जो त्याचं नाव गाण्यातच घेतो. तिथे शब्द थांबतात, पण राग चालूच राहतो.

आता कार्ताहेना. कोलंबियाच्या कॅरिबियन किनाऱ्यावरचं हे बंदर 1533 मध्ये स्पॅनिशांनी वसवलं, आणि पुढे दक्षिण अमेरिकेतल्या गुलामांच्या व्यापाराचं ते एक मोठं दार झालं. तिथल्या जुन्या तटबंदीच्या आत घड्याळाचा मनोरा आहे, त्याच्या आतल्या बाजूला एक चौक. आज तिथे कमानींखाली मिठाईवाल्या, संध्याकाळी गाणी. याच चौकात माणसांचा बाजार भरायचा. आजूबाजूच्या बारमध्ये ‘ला रेबेलियोन’ वाजतं आणि पर्यटक नाचतात. चूक कुणाचीच नाही, पण जागा माहीत असलेली बरी.

इथे आपला एक धागा जुळतो, ओढूनताणून नाही. 1580 ते 1640 या काळात स्पेन आणि पोर्तुगाल या दोन्ही गाद्यांवर एकच राजा होता. म्हणजे कार्ताहेना आणि आपला गोवा, दोन्ही एकाच मुकुटाखाली. 1595 पासून 1640 पर्यंत स्पॅनिश अमेरिकेत गुलाम पुरवण्याचा ठेका पोर्तुगीज व्यापाऱ्यांकडे होता. अंगोलाच्या किनाऱ्यावरची माणसं जहाजांतून कार्ताहेनाला जात होती आणि मोझांबिककडची गोव्याला येत होती. त्याच काळात इथिओपियातून लहानपणी विकला गेलेला, हातोहात मालक बदलत दख्खनमध्ये पोचलेला मलिक अंबर निजामशाहीचा कारभार चालवत होता. तो वारला 1626 मध्ये.

आणि तिकडे बेंकोस बियोहो. आफ्रिकेतून आणलेला हा माणूस कार्ताहेनातून पळाला, इतरांनाही पळवलं आणि जंगलात तटबंदी केलेली वस्ती उभी केली. अशा वस्तीला पालेंके म्हणत. स्पॅनिशांना त्याच्याशी तह करावा लागला, आणि पुढे त्यांनीच त्याला 1621 मध्ये फासावर दिलं. वस्ती मात्र टिकली. कार्ताहेनापासून सुमारे 50 किलोमीटरवर सान बासिलियो दे पालेंके हे गाव आजही आहे. तिथली स्वतःची भाषा आहे, स्पॅनिश आणि आफ्रिकेतल्या कोंगो भागातल्या भाषांच्या मिश्रणातून झालेली. युनेस्कोने 2005 मध्ये या गावाच्या संस्कृतीला मानवजातीचा वारसा म्हणून मान दिला. गुलाम बायका पळण्याच्या वाटा केसांच्या वेण्यांमध्ये गुंफून ठेवायच्या, असं तिथे पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. कार्ताहेनाच्या रस्त्यावर डोक्यावर फळांचं घमेलं घेऊन रंगीत झग्यातल्या ज्या बायका फोटोत दिसतात, त्या मूळच्या याच पालेंकेच्या.

तर गाण्यातलं जोडपं काल्पनिक असेल, पण बंड काल्पनिक नाही.

जो आरोयो स्वतः कार्ताहेनाचा. जन्म 1955, घरची गरिबी. लहान पोरगा असताना शहरातल्या वेश्यावस्तीतल्या बारमध्ये गायचा. 1973 मध्ये फ्रुको या मोठ्या बँडलीडरच्या ताफ्यात गेला, आणि 1981 मध्ये स्वतःचा बँड काढला : ला वेर्दाद, म्हणजे सत्य. साल्सा, कुंबिया आणि कॅरिबियन बेटांवरची सोका वगैरे सगळं कालवून त्याने जी चाल बनवली तिला नाव दिलं जोसोन. 2011 मध्ये तो बारांकियात वारला, तेव्हा त्याच्या आयुष्यावरची मालिका टीव्हीवर चालू होती.

कोलंबियात गुलामगिरी कायद्याने बंद झाली ती 1851 च्या कायद्याने. पण काळ्या कोलंबियन समाजाचे जमिनीवरचे सामूहिक हक्क मानणारा कायदा यायला 1993 उजाडलं. ‘ला रेबेलियोन’ त्याच्याही सात वर्षं आधीचं. शाळेच्या पुस्तकात जे जेमतेम येत होतं ते डान्स फ्लोअरवर ओरडून सांगितलं जात होतं. एका गाण्याने कायदा आणला असं मी म्हणत नाहीये, तसं कुणी म्हटलं तर हसा. पण माणसांच्या तोंडी विषय बसला.

एक तक्रार मात्र आहेच. गाण्यात मार खाते ती बाई, आणि तिला एकही ओळ नाही. नाव नाही, आवाज नाही. तिचा सूड तिचा नवरा घेतो, तिच्या वतीने बोलतो तो आणि कोरस. पुढे दोघांचं काय झालं तेही गाणं सांगत नाही. पालेंकेतल्या त्या वेण्यांची गोष्ट आठवली की ही जागा जास्तच रिकामी वाटते. काही श्रोते म्हणतील, सहा मिनिटांच्या नाचगाण्याकडून किती मागणार? बरोबर आहे. तरी मी मागणार.

ऐकताना कापलेलं छोटं व्हर्जन लावू नका, पूर्ण लावा, कारण कापाकापीत पहिला बळी त्या पियानोचा जातो. एकदा नुसतं ऐका, क्लावे बोटांनी वाजवत. दुसऱ्यांदा नाचा. पुढच्या भागात डोमिनिकन रिपब्लिकच्या मेरेंगेकडे जाऊ. तिथे हुआन लुईस गेर्रा नावाचा माणूस महागाईवर लोकांना नाचवतो.