रायचा पाव आंबट का असतो?

'यीस्टमुळे पाव फुगतो' असे आपण वर्गात सांगतो. ते खरे आहे, पण अपुरे. यीस्ट वायू तयार करते. तो धरून कोण ठेवते? गव्हाच्या कणकेत हे काम ग्लुटेन करते. ग्लायडिन आणि ग्लुटेनिन ही प्रथिने पाण्यात मळली की त्यांचे लवचिक जाळे बनते व त्यात कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे अडकतात.

जर्मनी, पोलंड, फिनलंड, रशिया या थंड देशांत राय नावाचे धान्य पिकते. (फोडणीतल्या राईशी त्याचा संबंध नाही; ते गव्हाचे भावंड.) हलक्या जमिनीत आणि कडाक्याच्या थंडीत गहू दगा देतो, राय तग धरते. मात्र तिच्या पिठात असे जाळे नीट बनत नाही. अरॅबिनोझायलॅन हे तंतुमय पदार्थ भरपूर पाणी ओढून घेतात व पिठाचा चिकट गोळा होतो. पावाचा डोलारा उभा राहतो तो मुख्यतः हे तंतू आणि फुगलेला स्टार्च यांच्यावर.

खरी अडचण इथेच आहे. रायचा स्टार्च सुमारे ५५ ते ७० अंश सेल्सिअसला फुगतो आणि त्या तापमानालाही अमायलेज हे विकर कार्यरत असते. कापणीच्या सुमारास पाऊस लागून ओंबीतच दाण्यांना मोड आले, तर ते फारच वाढते. भट्टीत ते स्टार्च तोडते. मग वर खरपूस कवच आणि आत ओला चिखल!

यावर उपाय आंबवणाचा. पीठ-पाणी कालवून ठेवायचे, त्यातले थोडे काढून नवे पीठ घालत राहायचे. लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू व रानटी यीस्ट त्यात नांदतात. सामू ४ च्या आसपास उतरला की अमायलेज मंदावते. गव्हाच्या पावात आंबटपणा ऐच्छिक आहे. रायच्या पावात, निव्वळ बाजारी यीस्टवर भागत नाही, तिथे तो गरजेचा ठरतो.

जिवाणू आणि यीस्ट अन्नासाठी भांडत कसे नाहीत? सॅन फ्रान्सिस्कोच्या (गव्हाच्या) आंबट पावावर १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात याचे छान उत्तर मिळाले. तिथला जिवाणू माल्टोज खातो. यीस्टला माल्टोज वापरताच येत नाही, ते इतर शर्करांवर जगते आणि आम्लही सोसते.

वर्गात राय मिळणार नाही, पण कणीक आणि ज्वारीचे पीठ मिळेल. दोन्हींचे गोळे अर्धा तास भिजवून पाण्यात चोळून धुवावेत. कणकेचा रबरासारखा गोळा उरतो, ज्वारी वाहून जाते. म्हणून तर भाकरीसाठी आधणाचे पाणी लागते: स्टार्च चिकट होऊन पीठ धरून ठेवतो.

एखादा विद्यार्थी विचारेल, मग ग्लुटेन न चालणाऱ्या सीलिअॅक रुग्णाला रायचा पाव चालेल का? नाही. जाळे नसले तरी त्याच जातीची प्रथिने रायमध्ये असतात. गहू, राय, बार्ली तिन्ही वर्ज्य, ज्वारी चालते.