घरचे बोकड, चार घरांचे वाटे

लग्न असो, बारसे असो, नाताळ असो की गावची जत्रा, मंठाळ व आसपासच्या खेड्यांत चार-पाच घरे मिळून एक बोकड घेतात, अंगणात कापतात आणि वाटे घालतात. कोणी बोकड धरतो, मुलाणी सुरी फिरवतो, दोघे-तिघे सोलायला बसतात, घरच्या बायका वजडी धुतात आणि एखादा वडीलधारा पानावर सारखे वाटे लावतो. वीस किलोच्या जिवंत बोकडाचे हाडांसह साधारण नऊ ते दहा किलो मटण पडते. ताजे मटण मिळते, पैसाही वाचतो आणि शेजारधर्म टिकतो. ही रीत चांगली आहे आणि ती चालू राहावी, असेच आम्हांला वाटते.

पण एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. चांगल्या कत्तलखान्यात जनावर कापण्यापूर्वी आणि कापल्यानंतर पशुवैद्य ते तपासतो. आपल्या अंगणात पशुवैद्य नसतो. तेव्हा तपासणीची ती जबाबदारी कापणाऱ्यावर आणि वाटे घालणाऱ्यावर येते.

प्रथम कायद्याविषयी. पूर्वी या भागात काही वस्त्यांत मोठ्या जनावराचेही वाटे होत. उरलेल्या मांसाच्या लांब पट्ट्या उन्हात वाळवून ठेवीत. मराठवाड्यात त्यांना चान्या म्हणतात. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात या स्वयंपाकाची नोंद केली आहे. आज मात्र कर्नाटकात २०२० च्या कायद्याने गाय, वासरू, वळू व बैल कापण्यास बंदी आहे. म्हैस किंवा रेडा तेरा वर्षांवरील असेल तरच, दाखला घेऊन, नेमून दिलेल्या जागी कापता येतो. शिक्षा तीन ते सात वर्षांच्या कैदेची आहे, शिवाय दंड वेगळा. सीमेपलीकडे महाराष्ट्रातही गायीबरोबरच २०१५ पासून वळू व बैल यांच्या कत्तलीलाही बंदी आहे. या कायद्यांविषयी मते निरनिराळी असतील. पण मोठे जनावर घरी कापण्याचा विचार कोणी करू नये. नगरपालिकेच्या हद्दीत तर शेळी-मेंढीसुद्धा मान्यताप्राप्त कत्तलखान्यातच कापावी, असा २००१ पासूनचा नियम आहे. म्हणून पुढील सूचना खेड्यातील शेळ्या-मेंढ्यांपुरत्या आहेत.

जिवंतपणी पाहावे

बोकड आदल्या दिवशीच नीट पाहून घ्यावे. ते चारा खाते का, रवंथ करते का, कळपाबरोबर चालते का, हे बघावे. नाक-डोळ्यांतून घाण येत असेल, हगवण लागली असेल, अंग तापलेले असेल किंवा ते कोपऱ्यात मान टाकून उभे असेल, तर ते कापू नये. गाभण शेळी कापू नये. शेळी नुकतीच गाभडली असेल तर तिला उघड्या हातांनी हाताळू नये; त्यातून माणसाला दीर्घकाळ येणारा ताप व सांधेदुखी जडते.

बोकडाला इंजेक्शन दिले असेल तर किती दिवस त्याचे मांस खाऊ नये, हे औषधाच्या बाटलीवर छापलेले असते. नसल्यास डॉक्टरांना विचारावे. औषधाचा अंश शिजवल्याने सगळा जात नाही. कापण्याआधी बारा तास चारा बंद ठेवावा, पाणी मात्र द्यावे. पोट रिकामे असले की आतडी फाटून मांस खराब होण्याचे भय कमी असते.

मरणाऱ्या जनावरावर सुरी नको

सर्वांत मोठा धोका येथेच आहे. हजारो रुपयांचे बोकड संध्याकाळी अचानक पडते. तेव्हा घरधनी म्हणतो, ‘मरायच्या आत सुरी फिरवू, निदान पैसे तरी निघतील.’ त्याचे दुःख आम्ही समजू शकतो. परंतु अचानक पडलेल्या जनावराला काळपुळीचा रोग असू शकतो. जनावर एकाएकी मरते, लगेच फुगते, नाका-तोंडातून व गुदद्वारातून न गोठणारे काळपट रक्त येते. असे जनावर कापले की सुरी, हात, अंगण सगळीकडे रोगजंतू पसरतात. १८७६ साली रॉबर्ट कॉख यांनी दाखवून दिले, की हे जंतू बीजरूपाने टिकून राहतात. मातीत ते अनेक वर्षे जिवंत असतात. माणसाच्या हातावर त्याने काळी खपली धरणारे फोड येतात. मांस खाल्ल्यास किंवा जंतू श्वासात गेल्यास जीवही जातो.

मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन केले, ते स्वाभिमानासाठी. आरोग्याचे शास्त्रही तेच सांगते. असे जनावर उघडू नये, कातडेही काढू नये. १९६२ या दूरध्वनी क्रमांकावर किंवा पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे आणि डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे जाळावे किंवा खोल पुरावे.

कापताना व कापल्यावर

काम पहाटेच्या गारव्यात उरकावे. सोललेले बोकड जमिनीवर न ठेवता झाडाला किंवा तुळईला टांगावे. कातड्यासाठी एक सुरी आणि मांसासाठी दुसरी ठेवावी. हाताला जखम असेल त्याने या कामात पडू नये. आतडी, मूत्राशय आणि पित्ताची पिशवी न फोडता बाहेर काढावी.

मग कलेजी आणि फुप्फुसे उजेडात धरून पाहावीत. त्यांत पाण्याने भरलेल्या पांढुरक्या गाठी असतील तर त्या फोडू नयेत आणि तो अवयव कुत्र्याला मुळीच टाकू नये. कुत्र्याने त्या गाठी खाल्ल्या की त्याच्या पोटात बारीक पट्टकृमी वाढतात. त्यांची अंडी विष्ठेतून अंगणात, भाजीवर, मुलांच्या हातांवर येतात. मग माणसाच्या यकृतात तशीच पाण्याची पिशवी वर्षानुवर्षे वाढते आणि शेवटी शस्त्रक्रिया करावी लागते. असे अवयव जाळावेत किंवा कुत्री उकरणार नाहीत इतके खोल पुरावेत. घरच्या कुत्र्याला डॉक्टरांच्या सल्ल्याने वेळोवेळी जंताचे औषध द्यावे. कलेजीच्या नळ्या जाड होऊन त्यांत पानासारखे चपटे किडे दिसले, तर तीही टाकून द्यावी. सगळ्या अंगावर पिवळेपणा असेल, मांसात पू किंवा दुर्गंधी असेल, तर वाटे घालूच नयेत.

मटण घरी नेल्यावर दोन तासांच्या आत, कडक उन्हाळ्यात तासाभरात शिजायला घालावे किंवा फ्रिजमध्ये ठेवावे. मीठ-हळद लावली म्हणजे ते दिवसभर उघडे टिकते, असे समजू नये.

वाटेकऱ्यांना एक विनंती

आजारी बोकड कापण्याचा मोह गरिबीतून येतो, हे विसरून चालणार नाही. शेळ्यांचा विमा उतरवावा. मात्र विम्याच्या पैशांसाठी पशुवैद्याचा दाखला लागतो, म्हणून मेलेले जनावर कापून ठेवू नये. आणि एखाद्या घरचे बोकड असे गेले, तर ज्या चार घरांनी त्याचे वाटे घेतले असते, त्यांनी आपल्या वाट्याच्या पैशांतले थोडे त्या घरी द्यावे. मटण न घेता दिलेले ते पैसे दवाखान्याच्या खर्चापेक्षा कमीच असतील, आणि पुढच्या सणाला त्याच अंगणात सर्वांनी निर्धास्तपणे बसता येईल.